तीसपर्यंत मोजा

आमच्या इमारतीतली लिफ्ट नाणं घेते.
वर जायला पैसे, खाली यायला फुकट.
म्हणून ज्याचं काही बिघडतं
तो माझ्या उंबऱ्यावर एक नाणं ठेवतो
आणि जाता जाता दार ठोठावतो:
"इझोल्दा, वर ये. गेलं."

काय गेलं ते कुणी सांगत नाही.
वायफाय, टीव्हीचा आवाज, हेडफोनचा डावा कान,
सगळ्याला एकच क्रियापद.
सातव्या मजल्यावरची झुझुना तर
नवरा वारला तेव्हाही दारात येऊन
एवढंच म्हणाली होती.
मी चुकून विचारलं, दिवे लागलेत का?

कुतैसीच्या टेलिफोन एक्स्चेंजात एकतीस वर्षं
मी लोकांच्या तारा जोडल्या.
तारा संपल्या. सवय राहिली,
त्यांचीही, माझीही.

गुराम म्हणाला, सगळे दिवे लागलेत,
नव्या वर्षाच्या झाडासारखे, तरी खोलीत काही येत नाही.
जाऊन पाहते तर राउटर फ्रीजमागे,
आणि पुढ्यात जोंजोलीच्या लोणच्याची
ही भलीमोठी बरणी,
खाऱ्या पाण्याने लहरी पिऊन बसलेली.
त्याने कंपनीला दोनदा शिव्या घातल्या होत्या,
एकदा नवा फोनही घेतला होता.
आजार रेड्याला, औषध पखालीला.
बरणी उचलून खिडकीत ठेवली. झालं.
फी म्हणून वाडगाभर लोणचं घरी आणलं.

साबाचं त्याहून सोपं. आवाज शून्यावर होता.
तरी मी दहा मिनिटं वायरी हलवत बसले,
पोराला लाज वाटू नये म्हणून.

झुझुनाचं मात्र अवघड निघालं.
नोदार भावांबरोबर जेवणाच्या टेबलावर गायचा,
त्याच्या चव्वेचाळीस फायली
मुलाने पेनड्राइव्हवर भरून पाठवल्या.
स्पीकरच्या पडद्यावर नावांच्या जागी रिकामे चौकोन:
जुन्या संगणकाची अक्षरं, नव्याला वाचता येईनात.
आणि क्रम असा: एक, मग दहा, मग अकरा,
दोन कुठेतरी एकोणिसानंतर.
"आधी खोकतो, मग सगळ्यांचा निरोप घेतो,
आणि त्यानंतर पहिला पेला उचलतो," ती म्हणाली.
"असा नव्हता तो."

मी आकड्यांआधी शून्य लावलं.
शून्य एक. शून्य दोन.
नऊ फायलींनाच लागतं ते, पुढचे आपोआप रांगेत येतात.
नावं मात्र यंत्राकडून परत मिळेनात.
ती ऐकून सांगत गेली, मी टाइप करत गेले:
नांगरणीचं. वरातीचं.
हे नको, यात शिवी आहे. थांब, असू दे, लिही.
एकोणतिसावं तिला आठवेना.
तिथे चौकोनच ठेवला.

बाकी सगळ्यांवर माझा एकच उपाय:
प्लग काढा, तीसपर्यंत मोजा, लावा.
खरं तर दहा पुरत असतील.
पण दहात माणूस नुसता उभा राहतो,
तीसात बोलतो.
सतराच्या सुमारास गुरामने सांगितलं,
मुलगी ईस्टरलाही येणार नाही.
बावीसला साबा म्हणाला, नोकरी सुटली, आईला बोललो नाही.
मग दिवे लागतात,
आणि आम्ही दोघंही दिव्यांकडेच बघतो.

परवा रात्री माझंच गेलं.
टेबलाखाली शिरून प्लग काढला,
गुडघे कुरकुरले, मोजायला लागले.
अकरा. बारा.
स्वतःला सांगण्यासारखं काही सुचेना.
चौदाला हीटरच्या पाइपावर चमच्याचे ठोके आले,
वरून, घाईचे.
म्हणजे झुझुनाचंही गेलं होतं,
म्हणजे बिघाड माझ्या घरातला नव्हता, रस्त्यावरचा होता.
पुढचा आकडा विसरले.

नाणं शोधलं, एकही सापडेना.
जिन्याने गेले, मध्ये दोनदा बसले.
ती दारातच उभी.
"एकोणतिसाव्याचं नाव आठवलं," म्हणाली,
"पण आधी श्वास घे."